कावळ्यापुढं दिलेला शब्द

आमच्या टेबलावर सुई नसायची, गोळ्यांची पाकिटं नसायची, बीपीचं मशीनसुद्धा नसायचं. समोर दोन खुर्च्या, पाण्याचा तांब्या आणि एक मी. झरीला बाजारच्या दिवशी ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत डोकावणारा माणूस पहिल्यांदा हेच विचारायचा, "इथं नेमकं काय मिळतं?" मी म्हणायचे, "बसा, बोला." तो आत येऊन इकडंतिकडं बघायचा आणि म्हणायचा, "बरं, ते झालं. पर सुई कवा देणार?"

माझ्या हुद्द्याचं नाव समुपदेशक. संस्थेनं छापून दिलेल्या पाटीवर ते ठळक अक्षरात होतं आणि गावात ते कुणाच्या तोंडात बसलं नाही. छाया ही तिथली आशाताई, म्हणजे घरोघर फिरून बाळंतपणं नि लसी बघणारी कार्यकर्ती. तिनं एकदा वैतागून लोकांना सांगितलं, "अहो, त्या बोलायच्या बाई हायत!" तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत मी बोलायची बाईच राहिले. खरं तर माझं काम ऐकायचं होतं. पण ऐकायलाही कुणी पगारी माणूस ठेवतं, हे लोकांना पटवायच्या भानगडीत मी पडले नाही.

बाहेरच्या वाचकाला आमचा धंदा थोडक्यात सांगते. मनाच्या डॉक्टरकडं जायचं तर परभणीचं सरकारी रुग्णालय, नाहीतर नांदेडचे खासगी दवाखाने. खासगीतली एक फेरी म्हणजे घरातल्या दोघांचा रोज बुडाला, एसटीचं तिकीट गेलं, आणि परत आल्यावर गल्लीतले सवाल वेगळे. म्हणून आमच्यासारख्या संस्था गावात येऊन बसतात. आशाताई, अंगणवाडीची बाई, बचत गटाची अध्यक्ष, यांच्या कानावर काहीबाही येतं आणि त्या माणूस आमच्यापर्यंत आणून सोडतात. गरज पडली तर आम्ही त्याला घेऊन सरकारी डॉक्टरकडं जातो. आम्ही बाजारच्या दिवशी बसायचो, कारण मन दाखवायला कुणी घराबाहेर पडत नाही, मिरच्या घ्यायला सगळे पडतात. ती मागची खोलीही मी मुद्दाम मागून घेतली होती. तिला दोन दारं होती. एका दारानं रडत आलेलं माणूस तोंड पुसून दुसऱ्या दारानं भाजीबाजारात निघून जायचं. आमच्या धंद्यात पदवीइतकंच दुसरं दार उपयोगी पडतं.

चारठाण्याच्या बाजारालाही मी अशीच बसायचे, तिथं एक म्हातारे गृहस्थ यायचे. पहिल्या दिवशी त्यांनी खुर्ची ओढली, पण बसले नाहीत. म्हणाले, "आधी हिला बसू द्या." खोलीत आम्ही दोघंच होतो. बायको जाऊन बरेच दिवस झाले होते हे मला आधी कळलेलं होतं. मी दुसरी खुर्ची सरकवली, तेव्हा ते बसले. मी काही विचारलं की रिकाम्या खुर्चीकडं मान वळवून थांबायचे आणि मग सांगायचे, "हिचं म्हणणं तसं न्हाई." हिचं म्हणणं माझ्याशी फारसं जमायचं नाही, आणि खरं सांगते, बरेचदा तीच बरोबर असायची. डॉक्टरांना दाखवलं, गोळ्या सुरू झाल्या. उन्हाळ्यात एकदा ते आले आणि दोन्ही खुर्च्यांकडं बघत दारातच उभे राहिले. "आज ती आली न्हाई," म्हणाले. मला आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही. त्या दिवशी आम्ही चहा मागवला आणि पीत बसलो.

हे एवढ्यासाठी सांगितलं की, समोरच्याला जे दिसतं ते "नाहीच" म्हणून सांगायची घाई करायची नसते, हा आमच्या कामातला पहिला धडा. तो मला पाठ होता. तरी मंगलच्या वेळी मी घाई केलीच.

होळी होऊन गेली होती. बाजार उठत आला होता. छाया आत आली आणि दार लोटून उभी राहिली.

"मॅडम, एक बाई हाय. मंगल. मालक विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेले, वरीस व्हायलंय. तिला आणू का?"

"झोप लागत नाही का तिला?"

"लागती की."

"रडते?"

"न्हाई."

"मग?"

छायानं ओठ चावला. "लय शहाण्यासारखी वागायलीय, मॅडम. पोरीला भाकरी थापायला शिकवायलीय. चांगली लुगडी जावेला देऊन टाकली. कानातली फुलं काढून सासूच्या डब्यात ठेवली. कुणाशी भांडण न्हाई, तंटा न्हाई. मला भ्याव वाटायलंय."

भ्याव मलाही वाटलं. रडणाऱ्या माणसाची फिकीर सगळेच करतात. आवरासावर करणाऱ्याची आम्ही आधी करतो.

मंगल आली ती हसतच, छाया दाराशी थांबली. तिशी ओलांडलेली, हडकुळी, चेहरा स्वच्छ. बसायच्या आधी तिनं माझ्या तांब्यात पाणी आहे का ते वाकून बघितलं. मी इकडचं तिकडचं विचारलं, तिनं सगळ्याची नीट उत्तरं दिली. पोरगी पाचवीला, पोरगा अंगणवाडीत. सासू गयाबाई मायेची. दीर माधव शेत बघतो. एवढं शांत माणूस मी त्या खुर्चीत कधी पाहिलं नव्हतं. शेवटी मी सरळ विचारलं, "मंगल, मरावंसं वाटतं का?"

लोकांना वाटतं, असं विचारलं की नसलेला विचार डोक्यात शिरतो. तसं होत नाही. विचार आधीच आत बसलेला असतो, विचारल्यानं त्याला बाहेर यायला वाट मिळते. मंगलच्या तर चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"वाटायचं काय त्यात? जायचंच हाय."

"कुठं?"

"त्यांच्याकडं. शब्द दिलाय, वर्षाच्या आत येते म्हणून."

येत्या सोमवारी माहेरी जाणार आहे, असं सांगावं तसं तिनं सांगितलं. पंखा बंद होता, खोलीत उकडत होतं, आणि माझ्या हातावर काटा आला.

इथं मला स्वतःबद्दल सांगायला हवं. मी बौद्ध घरातली. आजोबांनी धम्म घेतला तेव्हापासून आमच्याकडं पिंड नाही, श्राद्ध नाही. माणूस गेलं की जलदान विधी होतो, वंदना होते, सगळे मिळून जेवतात. दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवून कावळ्याची वाट बघतात हे मला माहीत होतं. कावळा शिवला नाही तर गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिली असं धरतात, आणि घरचे एकेक करून शब्द देतात, हेही ऐकलेलं होतं. पण ते ऐकलेलंच. त्या शब्दाचं वजन मी कधी अंगावर घेतलं नव्हतं.

मंगलनं सांगितलं ते असं. "भाऊजी म्हणले, पोरांना शिकवतो. न्हाई शिवला. सासूबाई म्हणल्या, सुनेला अंतर देत न्हाई. न्हाई शिवला. समदे बोलून बोलून थकले. ऊन डोक्यावर आलं. कावळे समोरच्या बाभळीवर, मॅडम, आन एक बी वरडंना. मी मागं बायांत बसले होते. शॉक लागला त्या दिवशी, लाईट आली, मोटार चालू करून या, असं त्यांना मीच म्हणलं होतं. मग मी मनात म्हणलं, तुमी जेवा, मी वर्षाच्या आत येते. म्हणायची देर, एक कावळा सरळ खाली उतरला. त्यानं आधी माझ्याकडं बघितलं. मग शिवला."

"अगं, कावळाच तो," मी म्हणाले. "भूक लागली, उतरला." हीच ती घाई.

मंगल माझ्यावर रागावली नाही. उलट लहान मुलाची समजूत काढावी तसं म्हणाली, "तुमच्यात कावळा नसतो, मॅडम. तुमाला काय म्हाईत?"

"आणि पोरं?"

"तिला भाकरी यायलीय आता."

खोलीतली गोष्ट भिंतीबाहेर जात नाही, असं आम्ही प्रत्येकाला सांगतो. त्याच दमात हेही सांगतो की, जिवावरची गोष्ट असली तर ती मी पोटात ठेवणार नाही, घरच्यांना सांगणार. मंगललाही सांगितलं. ती म्हणाली, "सांगा की. मी कुठं लपवायलेय? कुणी विचारलंच न्हाई." ते ऐकून मी छायाकडं बघितलं, छायानं जमिनीकडं.

दुसऱ्याच दिवशी तिला परभणीला डॉक्टरांकडं नेलं. एसटीत खिडकीची जागा तिनं मला दिली. डॉक्टर चांगले होते, त्यांनी वेळ घेऊन विचारलं, गोळ्या दिल्या, आणि हिला एकटं सोडू नका, घरातल्या धोक्याच्या वस्तू कुलपात ठेवा, असं मला निक्षून सांगितलं. निघताना म्हणाले, "गोळीनं मन सावरेल. दिलेला शब्द गोळीनं विरघळत नाही, बाई. ते तुमचं काम." मंगलनं गोळ्या घ्यायला एकदाही कुरकुर केली नाही. मला तेच जास्त खटकत होतं.

वर्षश्राद्ध पाडव्यानंतर होतं. म्हणजे आमच्या हातात जेमतेम काही आठवडे होते.

परभणीहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मंगलच्या घरी गेले. झरीच्या पुढं दुधना नदीकडं वळलं की त्यांचं गाव. चढतं ऊन, गल्लीत माणूस नाही. आमच्या भागात भर दुपारी बारा वाजता बायका उंबऱ्याबाहेर पोरं सोडत नाहीत. त्या वेळेला सावलीही पायाखाली जाऊन बसते आणि गाव कुणीतरी उचलून नेल्यासारखं दिसतं. गयाबाई ओसरीवर तूर निवडत होती. माधव शेतातून जेवायला आलेला. मंगल चुलीपुढं. मी बसले, आणि बोलायला तोंड उघडणार तोच मंगल उठली. "वेळ झाली," म्हणाली, आणि भाकरीचा चतकोर घेऊन अंगणात गेली.

पत्र्यावर कावळा बसला होता. ओरडत नव्हता. तिनं चतकोर ठेवला तसा खाली आला, पण कावळे उचलून पळतात तसा पळाला नाही. भाकरी पायाखाली धरून तिच्याकडं बघत बसला. मंगलही त्याच्याकडं बघत उभी. किती वेळ गेला कुणास ठाऊक. रोज एका वेळेला खायला घातलं तर कुठलाही कावळा त्या वेळेला येणारच, हे मी मनाशी म्हटलं. ते खरंही आहे. पण तेव्हा माझी नजर त्याच्यावरून हटेना, आणि त्याची माझ्याकडं वळू नये असं मला फार वाटत होतं.

"रोज येतो?" मी गयाबाईला हळूच विचारलं.

"दहाव्यापासून," ती म्हणाली. "वाट बघायलाय, म्हणती."

"कशाची वाट, ते सांगितलं का तिनं?"

गयाबाईनं नाही म्हणून मान हलवली. मग मी सांगितलं. माधवच्या हातातला घास हातातच राहिला. गयाबाईनं सूप खाली ठेवलं, पदरानं तोंड पुसलं, आणि मला वाटलं आता ती आकांत करणार. ती एवढंच म्हणाली, "तिचं न्हाई ऐकलं त्यानं. माझं ऐकलंय."

"म्हणजे?"

"मी बी मनात बोलले होते. तंबाखू सोडते म्हणलं. लेकराला माझ्या तंबाखूचा लय राग. न्हानपणापास्नं चंची लपवून ठेवायचा. तंबाखू सोडते म्हणलं, आन शिवला. तवापास्नं तोंडात टाकली न्हाई. दातांनी जीव नकोसा केलाय, पर न्हाई."

माधव ताटावरून उठला. खांबाला टेकून उभा राहिला आणि तोंड फिरवून बोलला, "आये, तुझं बी न्हाई. त्यो माझ्यासाठी उतरला."

माधवनं मनात काय कबूल केलं होतं ते ऐकून मला हसावं की रडावं कळेना. दोघा भावांच्या वाटणीत मधे बांध. दरवर्षी नांगरताना माधव एकेक तास, म्हणजे नांगराची एक रेघ, तो बांध भावाच्या बाजूला सरकवायचा. बांध कोरणं म्हणतात त्याला, गावोगाव चालतं. भाऊ समजून उमजून गप्प. दहाव्याला माधवनं मनात म्हटलं, तुझा बांध होता तिथं नेऊन ठेवतो. म्हणता क्षणी कावळा उतरला. तेव्हापासून हा गडी वर्षभर चोरून तो बांध माघारी सरकवत होता. "एकदम सरकवला तर गाव विचारंल ना," तो म्हणाला. "म्हणून थोडाथोडा."

मला माझ्या धंद्याचा त्या क्षणी फार अभिमान वाटला. कुलूप उघडलं असं वाटलं. एकच कावळा, एकच क्षण, आणि त्या घरातल्या तीन माणसांनी तो आपापल्या शब्दावर लावून घेतला होता. कुणी कुणाला बोललं नव्हतं. मग तो मंगलच्याच शब्दाला उतरला कशावरून? हे तिला नुसतं कळलं की पुरे. मी मंगलला बोलावलं, मधे बसवलं, आणि दोघांना पुन्हा सगळं बोलायला लावलं.

मंगलनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. माधवनं बांधाचं सांगितलं तेव्हा तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं. मी वाट बघत होते.

"म्हणजे तुमी समद्यांनी आपापलं दिलंय त्यांना," ती म्हणाली. "मीच तेवढी ऱ्हायलेय."

पत्र्यावर नखांचा खरखर आवाज झाला. मी इतका शहाणपणा करून तिची गाठ सोडायच्या जागी आवळून ठेवली होती. घरी परत येताना जीपमध्ये मी माझ्याच हातांकडं बघत होते. इतक्या वर्षांत काम सोडून द्यावं असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

त्या आठवड्यात छाया दिवसातून दोनदा मंगलकडं जायची. माधवची बायको तिच्याशेजारी झोपायची. औषधं, दोऱ्या, फवारणीचे डबे माधवनं शेजारच्या घरी नेऊन कुलपात टाकले. मी रोज फोन करायचे. फोनवर मंगल माझीच चौकशी करायची, जेवलात का, ऊन लय हाय, छत्री घेत जा.

मग गयाबाईनं मला निरोप धाडला. गेले तर म्हातारी ठरवूनच बसली होती. "सरादाच्या दिवशी नदीवर जायचं. हिनं पिंडापुढं तोंडानं सांगायचं, येत न्हाई म्हणून. सवाल त्याला घातलाय, जवाब बी त्यानंच द्यावा."

"मावशी, हा जुगार आहे," मी म्हणाले. "कावळा नाही शिवला तर?"

"शिवंल. माझा लेक हाय."

मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "तुम्ही नाही म्हणालात तरी ते जाणार. तुम्ही जा. तिच्या हाताच्या अंतरावर उभ्या राहा."

दुधनेला चैत्रात पाणी कमीच. डोहात थोडं साठलेलं, बाकी वाळू आणि तापलेले गोटे. आम्ही पाचच जण होतो. मंगल, गयाबाई, माधव, छाया आणि मी. भाताचा पिंड पत्रावळीवर ठेवला, त्यावर तीळ. सगळे मागं सरले. समोरच्या बाभळीवर कावळे होते. किती ते मी मोजले नाहीत, मोजायची छाती झाली नाही. वारा नव्हता. इतके कावळे आणि आवाज नाही, हे मंगलनं सांगितलं होतं तेव्हा मला ती वाढवून सांगते आहे असं वाटलं होतं.

मंगल पुढं झाली. पदर डोक्यावरून घेतला. तिचा आवाज एवढासा निघाला, पण त्या शांततेत नदीच्या पल्याड गेला असेल.

"मी येत न्हाई. पोरं न्हान हायत. मला जाऊ द्या."

आम्ही थांबलो. ऊन डोक्यात शिरत होतं. फांदीवर एकानं पंख झाडले आणि मिटले. बऱ्याच वेळानं एक कावळा खाली आला. वाळूवर उतरला, चालत चालत पत्रावळीपाशी गेला. छायानं माझा दंड इतका घट्ट धरला की पुढं दोन दिवस दुखत होता. कावळ्यानं पिंडाभोवती एक फेरी घातली. थांबला. मान वाकडी करून मंगलकडं बघितलं. आणि न शिवता उडून फांदीवर जाऊन बसला.

मी मंगलचा चेहरा बघितला. तो पुन्हा शांत झाला होता. बाजाराच्या दिवशी खोलीत आली होती तेवढाच शांत, स्वच्छ. तिनं एक श्वास सोडला आणि म्हणाली, "बघा. मी म्हणलं न्हवतं?"

माझ्या सगळ्या प्रशिक्षणात, सगळ्या शिबिरांत, या क्षणाला काय बोलायचं ते कुणी सांगितलेलं नव्हतं. मी तिचं मनगट धरलं. तेवढंच मला सुचलं. ती सोडवून घेत नव्हती आणि माझ्याकडं बघतही नव्हती. मी फार घाबरले होते. आपण हिला इथं आणलं आणि इथंच हिला गमावलं, असं मला वाटलं.

तेव्हा गयाबाई उठली. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. वाळूतून चालत पत्रावळीपाशी गेली आणि बाभळीकडं तोंड करून उभी राहिली. तिनं कावळ्यांना हात जोडले नाहीत. दारात उशिरा आलेल्या पोराशी बोलावं तशी बोलली.

"न्हाई जेवायचं तुला? बरं. ऱ्हा उपाशी."

माधव "आये" म्हणून पुढं झाला. तिनं हातानं त्याला मागं सारलं.

"तुला नऊ म्हैने पोटात वागवलं, तुझ्यापायी समदं केलं. आता काय बी मागशील तर देते. ही देत न्हाई. ही बी माझीच लेक हाय. उपाशी ऱ्हायाचं तर ऱ्हा. तुझी आई सांगायलीय."

तिनं वाकून पत्रावळ उचलली, तशीच नेऊन डोहात सोडली. पिंड पाण्यात फुटला आणि तीळ वर तरंगले. मग ती मंगलपाशी आली, माझ्या हातातून तिचं मनगट काढून घेतलं आणि म्हणाली, "चल गं. पोरं जेवायची थांबल्यात."

मंगल एक पाऊल चालली, दुसरं चालली, आणि तिच्या तोंडून असा आवाज निघाला की मी जन्मात विसरणार नाही. वर्षभर ती रडली नव्हती. ते सगळं रडणं त्या वाळूत बाहेर पडलं. ती खाली बसली, पुन्हा उठली, पुन्हा बसली. म्हातारी तिला हाताला धरून ओढत नेत होती आणि सांगत होती, "रड. घर येईस्तोवर रड." बाभळीवरून कावळे उडाले का, हे आमच्यापैकी कुणी मागं वळून बघितलं नाही.

मंगल आहे. बरीच वर्षं झाली याला. तिनं औषधं नीट घेतली, मग डॉक्टरांनी कमी केली. बचत गटात आहे, पोरगी कॉलेजात गेली. पत्र्यावर कावळा नंतरही येत असे. चतकोर घालायचं तिनं बंद केलं, तसा हळूहळू यायचा राहिला. संस्थेत तिची केस बंद झाली, आणि ती चांगली झाली म्हणून मीटिंगमध्ये माझं कौतुकही झालं. मी ते घेतलं. त्यात म्हातारीचं नाव कुठंच नव्हतं, कारण म्हातारी आमची केस नव्हती.

पुढं कधीतरी मंगलनंच मला सांगितलं, "सासूबाई दुपारच्या जेवत न्हाईत, मॅडम. पोटाला सोसत न्हाई म्हणत्यात." मी विचारलं, कधीपासून? "नदीवरनं आलो त्या दिवसापास्नं," मंगल म्हणाली. सुनेचा जीव वाचवायला ज्या तोंडानं तिनं पोटच्या पोराला उपाशी राहा म्हटलं, त्या तोंडात दुपारचा घास जात नव्हता. आम्हा सगळ्यांचं लक्ष त्या दिवशी मंगलकडं होतं. घरी परत जाताना गयाबाईचा हात कुणी धरला नव्हता.

आता मी निवृत्त आहे. खोली गेली, पाटी गेली. तरी महिन्यातून एकदा एसटीनं झरीला उतरते आणि जीप धरून तिच्याकडं जाते, दुपारच्याच वेळेला. ती थकली आहे, ओसरीवरच असते. मी काही विचारत नाही, ती काही सांगत नाही. पाऊस, तूर, कुणाचं लग्न, एवढंच. मागच्या खेपेला मंगलनं तिच्यापुढं ताट आणून ठेवलं आणि ती आत गेली. ताट तसंच. बाहेर ऊन, गल्लीत चिटपाखरू नाही. गयाबाई दाराबाहेर बघत बसली होती. बघता बघता म्हणाली, "बाई, तुमी शिकलेल्या. त्यो जेवला असंल का हो आता?"

माहीत नसलेल्याचं उत्तर द्यायचं नाही, असं आम्हाला शिकवलेलं असतं. मी म्हणाले, "जेवला असेल, मावशी."

तिनं बराच वेळ माझ्या तोंडाकडं पाहिलं. मग ताट उचललं आणि माझ्यापुढं सरकवलं.

"तुमाला खोटं बोलता येत न्हाई," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या. तुमी तरी जेवा."

मी जेवले. शेवटचा घास संपेपर्यंत ती माझ्याकडं बघत होती.